प्रोजेक्ट कुणाचा?

आज आठवणी कमी आणि भांडण जास्त, असं लिहिणार आहे. जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांत गेल्या काही वर्षांत एक नवा खर्च सुरू झालाय. मुलं शाळेत होती तेव्हा थर्माकोलचा ज्वालामुखी स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळायचा आणि आई-बाप रात्री नऊला स्कूटर काढून तो आणायला जायचे. ती मुलं आता कॉलेजात गेली, आणि त्यांच्याबरोबर तयार प्रोजेक्टही मोठा झाला. आता सिनेमासुद्धा तयार मिळतो. हो, सिनेमा. मला हे कळलं माझ्या नातीमुळे.

नात दुसऱ्या वर्षाला आहे, पत्रकारिता आणि जनसंवाद. कॉलेज वाघोडियाकडे. (कॉलेजचं नाव लिहीत नाही, विचारूही नका. त्या बाजूला आता कॉलेजं इतकी झालीत की सकाळी वाघोडिया रोडवर पिवळ्या बसेसचीच रांग असते.) त्यांच्या वर्गाला एक प्रोजेक्ट होता. पाच-पाच जणांचा गट करायचा आणि सात मिनिटांच्या आतली माहितीपटासारखी फिल्म करून दाखवायची. पन्नास मार्क.

विषय जाहीर झाल्याच्या तिसऱ्या दिवशी माझा मुलगा, म्हणजे तिचा बाबा, जेवताना म्हणाला, "अगं, त्या लग्नाचं शूटिंग करणाऱ्याशी बोललोय. पंचवीस हजारात करून देतो. ड्रोन, एडिटिंग, म्युझिक, सगळं आलं त्यात. तुम्ही पाच जण आहात, पाच-पाच हजार काढले की झालं." त्याच्या बोलण्यात वाईट हेतू काहीच नव्हता. पोरीला मार्क मिळावेत, पुढे नोकरीच्या वेळी चांगलं काही दाखवता यावं, एवढंच. आणि तो शूटिंगवालाही वाईट माणूस नाही, त्याचा तो धंदा आहे आणि काम छान करतो. आमच्या पुतणीच्या लग्नाचं त्यानेच केलं होतं.

पण मी बी.कॉम. झालेला माणूस. छत्तीस वर्षं बँकेत लोकांचे ताळेबंद वाचले. मी त्याला एवढंच विचारलं, "हा खर्च भांडवली की महसुली?" तो हसला. मी हसलो नाही. पंचवीस हजार देऊन फिल्म आणली, ती दाखवली, मार्क पडले. वर्ष संपल्यावर मुलीकडे शिल्लक काय? एक पेन ड्राइव्ह. हा शुद्ध महसुली खर्च, वीजबिलासारखा. उलट तिनेच धडपड करून वाईट का होईना फिल्म केली, तर जे हाताला लागेल ते पुढची चाळीस वर्षं वापरता येईल. ते भांडवल. दोन्ही खर्च एकाच खात्यात कसे टाकता येतील?

सूनबाई माझ्या बाजूने होती हे नमूद करतो. नात तर होतीच. पॅकेज रद्द झालं.

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला सिनेमातलं काय कळतं. खरंच फारसं कळत नाही. पण आपण बडोद्याची माणसं आहोत, आणि या विषयावर बोलायचा थोडा हक्क आपल्याला गावामुळेच मिळालाय. राजमहाल रोडवरचं आपलं कलाभवन आठवा. आता तिथे युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे. महाराज सयाजीरावांनी १८९० साली ते सुरू केलं, प्रमुख होते प्रोफेसर त्रिभुवनदास गज्जर. त्याच वर्षी मुंबईच्या जे. जे. मधून शिकून आलेला त्र्यंबकेश्वरचा एक वीस वर्षांचा मुलगा तिथे दाखल झाला. धुंडिराज गोविंद फाळके.

त्यांना बडोद्यात सिनेमा शिकायला मिळाला असं म्हणता येणार नाही, कारण तेव्हा सिनेमाच नव्हता. लुमिएर बंधूंची चित्रं मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली गेली ती १८९६ च्या जुलैत. कलाभवनात फाळके शिकले चित्रकला, मूर्तिकाम, आणि कॅमेरा घेऊन फोटो काढणं, ते धुणं, छापणं. गज्जरसाहेबांनी त्यांना तिथला स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरायची मोकळीक दिली होती. पुढे गोध्र्याला त्यांनी फोटोचा धंदा केला. प्लेगमध्ये बायको आणि मूल गेलं. परत बडोद्याला येऊन दुकान मांडलं, तर कॅमेरा माणसाची शक्ती ओढून घेतो अशी अफवा, त्यामुळे गिऱ्हाईक फिरकेना. एका जादूगाराकडून जादू शिकले आणि आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' नावाने जादूचे प्रयोगही केले. धंदा म्हणून बघाल तर एकामागून एक खाती बुडीतच. पण प्रत्येक ठिकाणी काही ना काही हाताला लागत गेलं.

मला यातला सगळ्यात आवडतो तो १९१२ सालचा भाग, कारण तो कर्जप्रकरणाचा आहे. सिनेमा बघून फाळके वेडे झाले होते, इतके की रात्रंदिवस त्यातच डोकं घालून डोळ्यांवर परिणाम झाला. इंग्लंडला जाऊन शिकायचं ठरवलं, पैसे नव्हते. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या. (आमच्या वेळी पॉलिसीवर कर्ज द्यायचं तर समर्पण मूल्याच्या आत, त्याच्यावर एक रुपया नाही. तेव्हा कुणी किती दिलं देव जाणे.) लंडनला गेले, 'बायोस्कोप' नावाच्या साप्ताहिकाच्या संपादकाला गाठलं, त्याने सेसिल हेपवर्थ नावाच्या निर्मात्याकडे धाडलं. तिथे काम पाहिलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला आणि दोन महिन्यांत परत.

आता मोठा सिनेमा काढायचा तर पैसा हवा. आमच्याकडे कर्ज मागायला कुणी आला की पहिला प्रश्न, प्रोजेक्ट रिपोर्ट आणलाय का? फाळक्यांनी काय केलं? कुंडीत वाटाण्याचा दाणा लावला आणि कॅमेऱ्यासमोर ठेवला. थांबून थांबून एकेक चित्र घेत महिन्याभराहून जास्त काळ त्याचं उगवणं टिपलं. पडद्यावर बघताना बी फुटतं, कोंब वर येतो, पानं उघडतात, सगळं भराभर. 'अंकुराची वाढ' म्हणून ती छोटी फिल्म ओळखली जाते. ती निवडक लोकांना दाखवली आणि ती बघून यशवंतराव नाडकर्णींनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. नाडकर्णी फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी, म्हणजे त्यांना त्यातलं कळत होतं. ३ मे १९१३ ला गिरगावात कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, तो या वाटाण्याच्या जोरावर.

एक जुना कर्ज अधिकारी म्हणून विचारतो. ती वाटाण्याची फिल्म फाळक्यांनी दुसऱ्या कुणाकडून पैसे देऊन करून घेतली असती, तर नाडकर्णींनी कर्ज कुणाला दिलं असतं आणि कशाच्या भरवशावर? तारण वाटाणा नव्हता. तारण होते ते हात. घरातल्या हातांचं तर विचारूच नका. तेव्हा कच्ची फिल्म भोकं न पाडलेली यायची, आणि कडेची ती भोकं अंधाऱ्या खोलीत बसून पाडायचं काम सरस्वतीबाई फाळके करायच्या. पंचवीस हजारांचं पॅकेज घेणाऱ्या आपल्या घरांनी ही गोष्ट मुलांना सांगायला हरकत नाही.

तर नातीचं सांगतो. तिचा विषय होता वाघोडियाच्या जीआयडीसीत एका कारखान्याच्या गेटसमोरची चहाची लारी. चालवणाऱ्या बाई पासष्टीच्या, सगळे त्यांना 'बा' म्हणतात.

पहिल्या दिवशी पोरं मोबाइलवर दीड तासाचं शूटिंग घेऊन आली. आमच्या टीव्हीवर लावलं. कॅमेरा इकडून तिकडे, तिकडून इकडे, मध्येच झूम. बांच्या पाठीमागे सूर्य, त्यामुळे तोंड काळं. बा काहीतरी सांगतायत, पण ऐकू येतोय तो वारा आणि ट्रकचा हॉर्न. नात काही बोलली नाही. वही घेऊन बसली आणि पहिल्यापासून पुन्हा बघत काय काय बिघडलं ते लिहून काढलं. मला तेव्हाच वाटलं, हिचं जमेल.

दुसऱ्या खेपेला कॉलरचा माइक घेतला, अठराशे रुपयांचा. आवाज स्वच्छ आला, पण बा अशा बोलल्या की जणू पंधरा ऑगस्टचं भाषण. माइक दिसला की माणूस ताठ होतो. त्यांच्या शिक्षकांनी बघून एवढंच सांगितलं म्हणे, की आता चार दिवस कॅमेरा घेऊन जाऊ नका. चांगले शिक्षक आहेत. नात आणि तिची एक मैत्रीण पहाटेची बस धरून गेल्या आणि बांच्या लारीवर ग्लास विसळत उभ्या राहिल्या. सूनबाईला हे फारसं पसंत नव्हतं, पण असो.

आणि तिथे ती वही सापडली.

बांना लिहिता-वाचता येत नाही. कामगारांची उधारी मात्र चालते, पगार झाला की चुकती होते. तर बांनी शाळेच्या दुरेघी वहीत स्वतःची लिपी केली आहे. सायकलवरून येतो त्याची सायकल. चष्मेवाल्याचे दोन गोल. एकाचं फक्त लांब नाक. चित्रापुढे उभ्या रेघा, पाच झाल्या की आडवी. एका पानावर एक माणूस, म्हणजे अगदी आमचं खतावणीचं पान! खाली शिल्लक, आणि पैसे आले की पूर्ण पानावर तिरपी रेघ. नातीने मला मोबाइलवर फोटो दाखवला तेव्हा मी किती तरी वेळ बघत होतो. ऐंशीच्या दशकात मी वाघोडियाच्या शाखेत तीन वर्षं काढली. तिथल्या काही मॅट्रिक पास मंडळींच्या खतावण्या याहून गचाळ होत्या.

ड्रोनवाल्याला ही वही सापडली असती का? तो येतो, वरून कारखाना, रस्ता, हिरवी शेतं घेतो, छान दिसतं. वही लारीच्या फळीखाली, साखरेच्या डब्याच्या मागे असते. ती दिसायला दोन सकाळी ग्लास विसळावे लागतात.

त्यानंतरची फिल्म वेगळीच झाली. नाव ठेवलं 'उधारी'. कॅमेरा दुधाच्या उलट्या क्रेटवर ठेवला, स्टोव्हच्या उंचीला, आणि तिथून हलवलाच नाही. सकाळी पाळी सुटल्याचा भोंगा होतो, माणसांचे पाय येतात, ग्लास भरतात, रिकामे होतात, आणि बांचा हात वहीत एक रेघ मारतो. बा कॅमेरा विसरून गेल्या होत्या. मध्येच एका पोराला म्हणतात, "बेटा, चा ठंडी थाय छे." बस, एवढंच. मुलाखत नाहीच.

दोन ठिकाणी माझं थोडं चाललं, तेवढं सांगून टाकतो. एक म्हणजे, शूटिंगच्या रोज नोंदी ठेवायला लावल्या. शॉट नंबर, कितव्यांदा घेतला, आवाज बरा की नाही, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. एडिटिंगला बसली तेव्हा ती वहीच कामाला आली. एका चित्रात ग्लास अर्धा आणि लगेच पुढच्यात काठोकाठ भरलेला, हे मला दिसलं आणि मी म्हटलं, "कॅश जुळत नाही गं." तिने सांगितलं, याला कंटिन्युइटी म्हणतात, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सुरुवातीला याचाच वेगळा अभ्यास करून घेतात. आम्ही संध्याकाळी सहाला टॅली करायचो, हे लोक एडिटिंगच्या टेबलावर करतात, एवढाच काय तो फरक.

दुसरं जरा गंभीर. वहीची पानं पडद्यावर दाखवायची होती. मी विचारलं, ग्राहकाच्या खात्याची गुप्तता? नावं नसली म्हणून काय झालं, लांब नाक कुणाचं हे अख्ख्या कारखान्याला माहीत आहे. कुणाची किती उधारी हे बांनी विश्वासाने ठेवलंय. यावर घरात बराच वाद झाला. तिच्या गटातल्या एकाचं म्हणणं, तीच तर फिल्मची गंमत आहे. शेवटी नात बांकडे जाऊन सगळं समजावून आली. बांनी चालू वही द्यायला साफ नकार दिला, आणि चार वर्षांपूर्वीची, सगळ्या पानांवर तिरप्या रेघा पडलेली जुनी वही काढून दिली. फिल्ममध्ये दिसतात ती सगळी फिटलेली खाती आहेत. हे कुठल्या पॅकेजमध्ये शिकवतात?

एडिटिंग करताना नऊ मिनिटांची फिल्म झाली होती, सातच्या आत आणायची होती. धुराड्यामागून सूर्य उगवतोय असा एक शॉट होता, तिचा सगळ्यात लाडका, पहाटे पाचला उठून घेतलेला. तोच तिने आधी काढला. म्हणाली, "आबा, त्यात बा कुठेच नाहीत." दीड महिन्यापूर्वी इकडून तिकडे कॅमेरा फिरवणारी हीच मुलगी. एकूण खर्च चार हजार तीनशे, पाच जणांत.

आता निकाल. तिच्या गटाला पन्नासपैकी एकतीस. दुसऱ्या एका गटाने पॅकेज घेतलं होतं, ड्रोन, संथ गतीचे शॉट, मागे बासरी. त्यांना बेचाळीस. हॉलमध्ये टाळ्याही त्यांनाच जास्त. मुलगा मला काही बोलला नाही, पण ताट सरकवताना जो चेहरा केला तो मला कळला.

माझं म्हणणं तरीही तेच आहे, आणि भांडण आता मुलाशी नाही, मार्क देणाऱ्यांशी आहे. बॅलन्स शीट कितीही देखणी असली तरी ऑडिटर मूळ व्हाउचर मागतो की नाही? मग फिल्मचे मार्क देताना मूळ शूटिंग का बघत नाही? रोजच्या नोंदीची वही का मागत नाही? मुलाला समोर बसवून "हा शॉट इथे का कापलास" एवढं विचारलं तरी पाच मिनिटांत कळेल काम कुणाचं आहे ते. त्यासाठी ना वेगळा पैसा लागतो ना यंत्र. तयार माल चकचकीत असतो आणि शिकणाऱ्याचा माल ओबडधोबड असतो. वर्गात मार्क शिकण्याला द्यायचे असतील तर ओबडधोबड माल वाचता येणारा परीक्षक हवा. नाही तर शहाणे पालक पुढच्या वर्षी पॅकेजच घेणार, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा?

कुणी म्हणेल, फाळक्यांचं जुनं झालं. मग अलीकडचं घ्या. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा नागराज मंजुळे मराठीत एम.ए. करून तेव्हाच्या अहमदनगरला कॉलेजात जनसंवाद शिकत होता. तिथला अभ्यासाचा भाग म्हणून त्याने 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेत जायची ओढ असलेल्या गरीब घरातल्या पोराची गोष्ट, आणि त्यात नट म्हणून घेतला सूरज पवार, ज्याने तोवर कधी कॅमेऱ्यासमोर काम केलं नव्हतं. २०१० च्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाच्या दिग्दर्शकाचा पुरस्कार त्याला मिळाला. त्यानंतर 'फँड्री', मग 'सैराट'. मंडळी, नगर काही मुंबई नव्हे. वाघोडियाइतकंच ते सिनेमाच्या धंद्यापासून दूर. आणि तोही वर्गातलाच प्रोजेक्ट होता, लक्षात घ्या. प्रत्येक पोर नागराज मंजुळे होणार नाही हे मलाही कळतं. माझी नात बहुधा कुठल्या तरी कंपनीत जाहिरातीचं काम करेल. पण आवाज आधी तपासायचा, समोरचा माणूस मोकळा होईपर्यंत थांबायचं, दुसऱ्याचं गुपित सांभाळायचं आणि लाडकं असलं तरी नको ते काढून टाकायचं, हे तिला आता येतं. यातलं काय कुठल्या नोकरीत लागत नाही ते मला सांगा.

बांना फिल्म दाखवली ती लॅपटॉपवर, लारीवरच, दुपारच्या पाळीनंतर. त्यांनी पूर्ण बघितली आणि विचारलं, "यात माझा नवीन स्टोव्ह का नाही घेतला?" तो शूटिंगनंतर आला होता.

आता कामाचं. नातीने पुढच्या सत्रासाठी विषय घेतलाय, बडोद्यातले जुने फोटो स्टुडिओ. दांडिया बाजार, रावपुरा, सुरसागरच्या आसपास आपल्या घरांतून १९६० च्या आधी लग्नाचे, मुंजीचे फोटो काढून घेतलेले असतील. कुणाकडे ते असतील, मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर फारच उत्तम, तर कृपा करून कळवा. फोटो घेऊन जाणार नाही, ती घरी येऊन तिथेच टिपून घेईल. आणि फोन करण्यापेक्षा इथेच लिहा, मला हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही.